सरजाबाईचा शेवटचा गोळा

सेलूच्या जिनिंगवाल्या दिनकररावांच्या पांढऱ्या ॲम्बेसेडरवर आश्रुबा ड्रायव्हर होता. गाडी धुवावी ती आश्रुबानंच, असं सेलूत म्हणत. चिखल काय, कुणीही धुईल. पण कापसाच्या जिनिंगच्या धुराड्याची काजळी नि डांबराचे ठिपके रंगाला धरून बसतात, साबणाला दाद देत नाहीत. आश्रुबा पत्रा ओला करायचा, मऊ मातीचा गोळा त्यावर अलगद फिरवायचा आणि ठिपके मातीत उचलून घ्यायचा.

कौतुक त्याचं व्हायचं, माती मात्र बायकोची. येलदरीच्या माहेराहून सरजाबाई पूर्णेचा गाळ आणी, माठात कालवून जुन्या लुगड्यातून सात वेळा गाळी, निवळला की चिमूटभर दाताखाली धरून बघी. जराशी कचकच लागली की पुन्हा गाळणं आलंच. एक कण राहिला तरी रंगावर ओरखडा. गोळा हातातून निसटला तर आश्रुबा खुशाल फेकून द्यायचा. पडलेली माती गाडीला लावायची नाही, हा त्याचा नियम.

"दोन दिस राबले मी, अन् तुमी उकिरड्यावर फेकायलाव!" ती करवादायची.

"दुसरा कर," एवढंच तो म्हणायचा. वर बघायचाही नाही.

त्र्याऐंशीच्या थंडीत सरजाबाई तापानं गेली. माठात, ओल्या फडक्यात सहा गोळे राहिले. ते त्यानं वर्षभर जपून पुरवले. शेवटचा उरला आणि दिनकररावांच्या लेकीचं लग्न आलं. नामांतराच्या आंदोलनात रस्ते बंद, म्हणून गाडी आठ दिवस धुराड्याखाली उभी राहून पार काळवंडली होती.

अर्धं बॉनेट झालं, आणि गोळा हातातून निसटून थेट वाळूत पडला.

"पुसून घे अन् लाव की," दिनकरराव ओरडले. "नवरदेव स्टेशनावर उतरायलाय!"

"न्हाई मालक. पडलेली माती लावायची न्हाई."

अर्धवट काजळलेली गाडीच नवरदेवाला आणायला गेली. आश्रुबानं बोलणी खाल्ली आणि वाळूतला गोळा उचलून फडक्यात बांधला.

घरी येऊन त्यानं तो गोळा कालवला, तिच्याच लुगड्यातून सात वेळा गाळला. दोन दिवस मोडले. मग जन्मात पहिल्यांदा चिमूटभर माती स्वतःच्या दाताखाली धरली. कचकच लागली.

थुंकायला तो दाराशी आला, पण थुंकवेना. उंबऱ्यावर बसून तो ती माती चावत राहिला आणि लहान पोरासारखा रडला. 'दुसरा कर' असं जिला म्हणावं, ती आता घरात नव्हती.