एरंडेलातली खडकपूर्णा

एरंडेल वाळत नाही, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. तोपर्यंत माझं उभं आयुष्य तेलबियांच्या व्यापारात गेलं होतं. दुसरबीडच्या रस्त्याने जालन्याकडे जाणारी जवसाची गाडी माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. मूठभर दाणा तळहातावर चोळून तेल किती निघेल हे सांगणारा माणूस मी! पण तेल वाळतं की नाही, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. ती वेळ चित्रांनी आणली.

चित्रांचा नाद मला लिलावात लागला. मेहकरला एका गोऱ्या साहेबाची बदली झाली आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं. मी गेलो होतो आरामखुर्चीसाठी. खुर्चीवर एका वकिलाने मुद्दाम बोली चढवत नेली. मला राग आला. (मला राग आला की मी काहीतरी विकत घेतो. माझ्या घरातल्या बऱ्याच वस्तू अशाच आलेल्या आहेत.) खुर्ची वकिलाने नेली, आणि मी तावातावात पुढची वस्तू काय आहे हे न पाहताच बोली ठोकली. गळ्यात काय पडलं, तर रंगाच्या नळ्यांची लाकडी पेटी, जुडगाभर कुंचले आणि कापड ताणलेल्या कोऱ्या चौकटी! घेतलेला माल पडून राहू देणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी चित्रकार झालो.

शिकवायला कोणी नव्हतं. घरात 'हे काय चालवलंय?' असं विचारायलाही कोणी नव्हतं. आईबाप साथीत एकदमच गेले तेव्हा मी लहान होतो. मला वाढवलं अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने. तिचं लग्न होऊन ती बीबी गावाला गेली आणि मी हमाली करत करत आडत्या झालो. माझं लग्न मात्र राहिलं. सोयरीक जुळवायला बसलो की मी सवयीने घासाघीस करायचो, समोरचे उठून जायचे. असं करता करता बाजारच उठला. गावात सगळे मला 'शेठ' म्हणत. 'अरे गन्या' म्हणणारं एकच माणूस जगात होतं, आणि ते बीबीला.

तर मी आडतीच्या मागल्या खोलीत बसून देखावे काढू लागलो. पहिली झाडं केरसुणीसारखी आली. पहिली म्हैस काढली ती टेकडी दिसली, म्हणून तिला टेकडीच केलं आणि पायथ्याशी नवी म्हैस काढली. लोक येत, "शेठ, करडीचा भाव काय निघाला?" विचारत आणि जात. चित्राकडे पाहून कुणी 'वाईट आहे' असंसुद्धा म्हणालं नाही. वाईट म्हणाला असता, तर निदान भांडता आलं असतं!

साहेबाच्या पेटीतली तेलाची बाटली रिकामी होती. माल घेऊन खामगावला गेलो तेव्हा एका रंगवाल्याच्या दुकानात शिरलो. त्याने अत्तराच्या कुपीएवढी बाटली पुढे ठेवली.

"काय हाय हे?"

"जवसाचं तेल. चित्रासाठी खास. लवकर वाळते."

"काय म्हणले? तेल वाळते?"

"हाव."

"आन् हे तुम्ही गिऱ्हाइकाले तोंडावर सांगता?"

आमच्या धंद्यात जे तेल डब्याच्या काठाला चिकटतं, साय धरतं, ते हलकं. आणि हा गृहस्थ तोच दोष गुण म्हणून विकत होता! तोही कुपीत! आणि मला, ज्याच्या अंगणात जवसाच्या थप्प्या लागतात त्याला! मी दुकानात असं भाषण केलं की रस्त्यावरची माणसं गोळा झाली. रंगवाला एवढंच म्हणाला, "शेठ, घेऊ नका."

"नाहीच घेत!" म्हणालो आणि बाणेदारपणे बाहेर पडलो.

परतीच्या वाटेवर आमचा गाडीवान रहीमभाई आखाला वंगण द्यायला थांबला. गाडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळ्यातून त्याने एरंडेल काढलं. दाट, सोनेरी, मधासारखी धार! मी पाहतच राहिलो.

"रहीमभाई, हे वाळते का?"

"वाळलं तं आख पेट घेईन ना शेठ! नहीं सूखता, येच तो इसकी खूबी है."

झालं. माझं तेल मला मिळालं.

पुढे अक्काचा निरोप आला: नवं घर बांधलंय, दिवाळी झाली की वास्तुशांत आहे, तू ये. आहेर काय न्यायचा याचा मला विचारच करावा लागला नाही. खडकपूर्णेच्या काठी आमचं घर होतं, त्या पाणवठ्याचं चित्र! नदीच्या मधोमध काळा खडक आणि त्याला खेटून पुरात वाकलेली बाभूळ. आई तिथे धुणं धुवायची, अक्का मला खडकावर बसवून अंघोळ घालायची. मी साहेबाची सगळ्यात मोठी चौकट घेतली आणि नदीवर जाऊन बसलो. आमच्या घराच्या जागी आता परक्याचा गोठा होता. त्याच्याशी ती जागा परत विकत घेण्यावरून माझं कडाक्याचं वाजलेलं, त्यामुळे मी पलीकडच्या काठावर बसून चित्र काढलं. जीव ओतला. एरंडेलही ओतलं.

चित्र कशाचं आहे हे अक्काला सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तिने पाहताक्षणी आपणहून ओळखलं पाहिजे! माल अस्सल असला की ओरडावं लागत नाही. आणि खरं सांगायचं तर, तो पाणवठा आठवणारी माणसं आता दोनच उरली होती. तिने ओळखला नाही, तर मी एकटाच उरणार होतो.

निघायच्या दिवशी रहीमभाईने चौकट उचलली आणि बोटांकडे पाहिलं.

"शेठ, तस्वीर गीली है."

"ताजी हाय."

"दसऱ्याले पुरी झाली म्हणले होते ना तुम्ही?"

"ताजीच राहणार! चांगल्या तेलाची खूण हाय ते!"

रहीमभाईने बोटं बैलाच्या पाठीला पुसली. (बैल बीबीपर्यंत निळा होता.)

कापसाचे दिवस. आमच्यापुढे कापूस भरलेल्या गाड्यांची रांग. त्यांचा सगळा फुफाटा आणि सगळी उडती रुई माझ्या चित्राने जवळ केली. मी एक पुंजका निपटायला गेलो, तर आकाश बोटाला लागून आलं. तेव्हापासून हात लावला नाही. बीबी येईपर्यंत खडकपूर्णेवर असे ढग दाटले होते, की दुष्काळी तालुक्याने पाहून पेरणी करावी!

दारातच दाजी उभे. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, सरकारी कचेरीत कारकून. इंग्रजी शिकलेले. माझ्या अंगावर त्यांचं इंग्रजी त्यांनी जन्मभर झाडलेलं आहे, आणि ते मी विसरलेलो नाही. त्या दिवशी अंगात नवाकोरा पांढरा, जाड जीनच्या कापडाचा कोट होता.

"या साळेबुवा! हे काय, झोपडीचं दार आणलं का?"

"चित्र हाय. मी काढलं."

"तुम्ही? चौथी पास, आन् चितारी? ऐकलं का वं, तुह्या भावानं तेल विकता विकता तेलातच उडी घेतली!"

अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली. मला पाहून तिचा चेहरा असा उजळला की मी दाजींना तेवढ्यापुरतं माफ केलं. मग तिने चित्राकडे पाहिलं.

"छान हाय रे गन्या," ती म्हणाली. "याच्यात देव कोणता?"

मी चौकट जरा उजेडाकडे वळवली.

"झाडामागं असंन," तिची जाऊ म्हणाली. देखाव्याची तसबीर त्या घरात कोणी पाहिलीच नव्हती. चौकटीत असतो तो देव! जावेने रिवाजाप्रमाणे आहेराला हळदकुंकू लावलं, तर कुंकवाचं बोट आकाशात रुतलं आणि ढगांत लालबुंद सूर्य उगवला. मागून येणाऱ्या प्रत्येक बाईने नेमाने एकेक सूर्य उगववला. कुणी अक्षता टाकल्या, त्या नदीत पडल्या आणि तिथेच चिकटल्या. कुणी उदबत्ती ओवाळली, राख बाभळीवर बसली. अक्का कधीच चुलीकडे परत गेली होती.

खिळा ठोकला तो नव्या गिलाव्यासकट बाहेर आला. म्हणून चित्र ओसरीवर गादीच्या मागे भिंतीला टेकून उभं केलं. गादीवर घरधनी म्हणून दाजी. मी समोर बसलो आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडू लागलो. पाहुण्यांत रंग भरायला दाजींना माझ्याशिवाय विषय नव्हता.

"आमच्या साळ्यानं सोयरिकीत पोरीकडच्याले काय विचारलं माहीत हाय? 'दोन पोरी घेतल्या तं काय लावान?'"

(हे साफ खोटं आहे. मी 'तुमचा शेवटचा शब्द काय' एवढंच विचारलं होतं.)

ओसरी हसली. दाजी सगळ्यांत जास्त हसले. हसता हसता मागे रेलले, आणखी मागे रेलले, आणि पाठीचा सगळा भार खडकपूर्णेवर टाकून तिथेच डुलत राहिले! मी ओरडायला तोंड उघडलं. मग मिटलं. सांगावं असं मला वाटेना.

"पाटं मांडले, चला," आतून हाक आली. दाजी उठले. चर्र आवाज झाला. मला वाटतं, तो फक्त मी ऐकला.

पंगतीत दाजी रुबाबात पुढच्या ओळीत बसले. मागच्या ओळीत आधी एक खोकला. मग कुणाच्या तरी नाकातून मठ्ठा आला. मग अख्खी ओळ पदर नि उपरणी तोंडात कोंबून थरथरू लागली. दाजींना वाटलं, मघाचा विनोद लोकांना आता समजला. त्यांनी तो पुन्हा सांगितला. लोक आडवे झाले!

वरणाचं भांडं घेऊन अक्का मागच्या ओळीत वाढत होती. ती थबकली.

"हालू नका!"

"काऊन वं? विंचू हाय का?" दाजींचा घास हातातच राहिला.

"हालू नका म्हणलं ना!"

ती दाजींच्या पाठीशी वाकली. पळीतून वरण कोटाच्या बाहीवर ठिबकत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"गन्या," तिचा आवाज एकदम लहान झाला. "हा आपला खडक हाय ना रे? आन् ही बाभूळ... अन् इथं, इथं माय धुणं धुवायची!"

"अवं, बोट नको खुपसू!" दाजी कळवळले. "गुदगुल्या होऊन राह्यल्या मले!"

"गप बसा! आन् इथून तू पाण्यात पडला होता, हाय ना गन्या? मी झिंजी धरून काढलं होतं तुले."

"हाव," मी म्हणालो.

"मंग चौकटीत काऊन नाही ओळखू आलं मले?"

ते मला तेव्हाच कळलं. मी बसलो होतो पलीकडच्या काठावर. तिथून बाभूळ खडकाच्या डाव्या हाताला दिसते. अक्काने तो पाणवठा जन्मभर पाहिला तो आमच्या दारातून, बाभूळ उजवीकडे. रुईच्या ढगांच्या गर्दीत उलटी नदी तिला कशी कळावी? दाजींनी रेलून ती छापली, आणि छापताना डावं-उजवं फिरलं. माझ्या रागाने नदी उलटी केली होती, दाजींच्या पाठीने ती सुलटी केली. या एका उपकारासाठी मी त्यांना आजवर क्षमा केलेली नाही!

अक्काने पंगतीतच दाजींच्या अंगातून कोट काढून घेतला.

"अवं, माहा नवा कोट! परटाकडं दे लवकर!"

"परटाचं नावच नका काढू. तुम्ही दुसरा शिवून घ्या. हे माहं माहेर हाय."

आणि तिने तो ओसरीवरच्या खुंटीला टांगला, पाठ बाहेर करून. दाजी बंडीवर जेवले. दिवसभर अक्का येता-जाता कोटापाशी थांबायची आणि मला हाक मारायची, "गन्या, ते आठवते का रे?" मला सगळं आठवत होतं. नसतं आठवलं तरी मी हो म्हणालो असतो.

निघताना मी भीतभीत विचारलं, "मंग हे चित्र कुठं लावतं?"

अक्काने चौकटीकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"ते तू ने बापा. एका घरात दोन-दोन नद्या कशाले?"

ते चित्र आता माझ्या घरात आहे, मी जेवायला बसतो तिथे समोर. मधली नदी दाजी घेऊन गेले. तिच्या जागी त्यांच्या पाठीचा ठसा उरला आहे: दोन खांदे, वर मान, मानेशी कॉलरची रेघ. हुबेहूब कुणीतरी काठावर पाणी पाहत बसलंय. या रिकाम्या घरात जेवताना समोर एखादं माणूस असावं, एवढंच मी देवाकडे कित्येक वर्षं मागत होतो. देवाने ऐकलं. पण देवही असा पक्का व्यापारी, की माणूस दिला तो दाजी, आणि तोही पाठमोरा!