सेठच्या दुकानावरची चुन्याची पानं

त्या दिवशी सकाळी आम्ही नवराबायकोनं मिळून सेठच्या दुकानाच्या कमानीवर, झडलेल्या नक्षीच्या जागी, चुन्याची तीन नवी पानं बसवली. मी वर बांबूच्या पायाडावर, ती खाली घमेल्यापाशी. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. लोक विचारतात, जाताना काही बोलली का? बोलली. "तिसरं पान वाकडं बसवलं तुमी."

मी म्हणालो, "मंग तू ये वर."

आली. लुगडं खोचून वर चढली, ओल्या चुन्यात अंगठा दाबून पानाच्या शिरा काढल्या आन् म्हणाली, "जिंदगी गेली मिस्तरीपणात, अजून बोट वळत न्हाई तुमचं."

दुकान बाळापूरच्या बाजारातलं, कापडाचं. सेठच्या खापरपणज्यानं निजामाच्या काळी हिंगोलीच्या छावणीत गोऱ्या साहेबांचे बंगले पाहिले आन् तसलेच खांब, तसल्याच कमानी स्वतःच्या दुकानाला लावून घेतल्या. वर वेली, पोपट, द्राक्षांचे घड. इथं द्राक्ष खाल्लं होतं कोणी? पुढून राजवाडा, मागं गेलं की मातीची भिंत आन् उंदरांची बिळं. शहरातले लोक येतात, माना वर करून फोटो काढतात, काय कारागिरी म्हणतात. त्यांना एक दिवस भर उन्हात त्या द्राक्षांना चुना लावायला बसवा. मला या नक्षीचा रागच आहे. माणसानं घर बांधावं, राहावं. शेजाऱ्याला जळवायला भिंतीवर पोपट कशाला? पण तिला पानं करायला आवडायची. बेलफळाचा गर आन् गुळाचं पाणी घालून चुना मळायची ती, तसा मला कधी जमला न्हाई.

दुपारी डोकं दुखतं म्हणून ती घरी गेली. मी पोचलो तवा ती भुईवर पडलेली, आन् शेजारीण ओरडून राहिलेली. दिवस मावळायच्या आत नेलं तिला.

सेठ आला होता मसणात. धुतलेले पांढरे कपडे, बाजूला पेंटर. सरण पेटलं आन् सेठ त्याला हळूच म्हणाला, "उद्या सकाळीच नव्या पानांवर सोनेरी ऑइल पेंट मारून टाक. परवा दुकानाची पूजा आहे."

हळू म्हणाला, पण मी बहिरा न्हाई. नवा चुना आठ दिवस ओला ठेवावा लागतो. त्यावर ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते, फुगे येतात, आन् पापुद्र्यासंगं चुनाही खाली पडतो. त्यातल्या तिसऱ्या पानात तिचा अंगठा उमटलेला होता. खरा अंगठा समोर जळून राहिला होता.

मी म्हणालो, "सेठ, आठ दिवस त्या पानांना रंग लावू नका."

"मिस्तरी, तुम्ही आता घरी बसा. सुतकात माझ्या दुकानाला तुमचा हात नको."

"काहून? सकाळी तर चालला."

"सकाळची गोष्ट वेगळी. शास्त्र आहे ते."

बाई जळत असताना रंगाचं ठरवायचं, ते कोणतं शास्त्र?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बाजारात गेलो. पेंटर डबा उघडून ढवळून राहिला होता. मी गोणपाट भिजवलं आन् सरळ पायाडावर चढलो. सेठ पळत आला, पण सुतकी माणसाला शिवणार कोण? खालूनच ओरडला, "उतरा मिस्तरी! सगळं बाटवता काय?"

मी तिन्ही पानांवर ओलं गोणपाट सुतळीनं आवळून बांधलं. मंग खाली उतरलो आन् पायाडाच्या गाठी सोडायला लागलो. बांबू माझे, दोर माझे.

"अहो, पेंटर वर चढणार कसा?"

"तुमच्या खापरपणज्याला विचारा."

बाजारातली माणसं बघत राहिली. पुढं कोणी आलं न्हाई. एकेक बांबू खांद्यावर घेऊन मी घरी नेऊन टाकला. शेवटचा नेताना सेठ वाटेत उभा होता. मी बांबू आडवा केला, तो बाजूला झाला.