खिशातली खुबानी

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीबाहेर खुबानीची, म्हणजे ताज्या जर्दाळूंची, गाडी लागली की हिमाचलातलं ते लाकडी देवळाचं जुनं गाव आठवतं. तिथे मी सायकलने गेलो होतो; घाट चढायचा म्हणून काहीच सामान घेतलं नव्हतं. देवळापाशी बसलेल्या आजींनी नवलाने विचारलं, “इतना ऊपर आए, और लाए कुछ नहीं?”

निघताना त्यांनी माझ्या खिशांत खुबानी कोंबली, खालच्या गावातल्या धाकट्या बहिणीसाठी. गुडघे दुखायला लागल्यापासून दोघींचं जाणं-येणं थांबलं होतं.

बहिणीने फळ नुसतं हुंगलं. मी काही सांगायच्या आत म्हणाली, “मायके के पेड़ की है।”

तेव्हा मला गंमत वाटली. आता दर मोसमात मी गाडीवरचं एकेक फळ हुंगत उभा राहतो. फळवाला वैतागतो, “सब एक ही है, साहब।”