मुराळ्याची वाट

आत्या गेल्याचा निरोप गुलबर्ग्याला कॉलेजात मिळाला. मी तिच्या सासरी, मंठाळला पोचलो तेव्हा वडील लुगडं घेऊन अंगणात उभे होते. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात... वीसेक वर्षांत तिला माहेरचं हे पहिलंच. हे लिहू नये असं घरचे म्हणतात, पण मला राहवत नाही.

माझ्या आईवडिलांच्या लग्नात जावयाच्या मानाचा फेटा चुकून दुसऱ्याला आधी बांधला गेला. आत्याचे यजमान, आमचे मामा, पंगतीतून उठले. फेटा घेऊन माहेरचा मुराळी तिला न्यायला आला तरच बायकोला धाडीन, असं बजावून गेले. वडील, म्हणजे आत्याचा अण्णा, म्हणाले, नको धाडू. दोन्ही गावांत अंतर दोन कोसांचं.

दर पंचमीला जावांचे भाऊ गाड्या जुंपून यायचे. आत्या वेणीफणी करून ओसरीवर भिंतीला टेकून बसायची, दिवे लागेपर्यंत. "राणीची गाडी वाटंतच मोडली वाटतं," असं जावा तिला ऐकवायच्या.

गेल्या पंचमीला, सुट्टीत घरी जाताना, मी कॉलेजच्या शेरवानीतच मंठाळला उतरलो. म्हटलं, "आत्या, चल. मी न्यायला आलोय."

तिनं माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. "अण्णानं धाडलंय का तुला?"

"न्हाई."

"मग कामून मला गावभर हसू करायलास?"

ती आत निघून गेली. मी निघताना मात्र दाराआडून म्हणाली, "मी इचारलं म्हणून सांगू नको घरी."

मी सांगितलं. वडील वैरण टाकत होते. "तिला पाय न्हाईत व्हय?" एवढंच म्हणाले.

दहाव्याला वडिलांनी मामांना दुखवट्याचा फेटा बांधला. बायको गेलेल्याला सासरवाडीनं फेटा बांधायचा, ही रीतच आहे. मामांनी निमूट मान खाली केली. मग दोघं गळ्यात पडून रडले. लोकांचे डोळे भरून आले... माझ्या मनात त्या रडण्याविषयी अजून रागच आहे. एवढं सोपं होतं ते.

ओसरीच्या भिंतीवर, बसल्या माणसाचं डोकं टेकेल तिथं, तेलाचा काळपट गोल डाग पडला आहे. डोळे पुसत वडील तिथंच बसायला गेले.

"तिथं न्हाई, अप्पा," मी म्हणालो.

ते गाडी जुंपेपर्यंत उभेच राहिले.