दियारबाकिरची वेस

जुन्या तटबंद्यांवरच्या एका परिसंवादासाठी मी तुर्कस्तानातल्या दियारबाकिरला गेले, तेव्हा आईलाही नेलं. मी संभाजीनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. आई पंचाहत्तरीची, छावणीतल्या घरातून बाजारापलीकडं जायचं म्हटलं तरी कुरकुरणारी. स्वतःच्या लहानपणाबद्दल विचारलं की तिला हटकून काहीतरी काम आठवतं.

शहराभोवतीचा तट पाहून ती म्हणाली, "काळा दगडच बघायचा व्हता, तर दौलताबादला गेलो असतो की. यष्टीनं."

तिचं चूक नव्हतं. दगड आपल्यासारखाच, ज्वालामुखीचा. तट रोमनांच्या काळातला, पुढं एकेका राजवटीनं डागडुजी केलेला. बुरुजांवर सिंह आणि लेख कोरलेले. मोठ्या मशिदीच्या आवारातले खांबही रोमन. आईला मात्र नदीकाठचे मळे आवडले. तिथली माती तिनं चिमटीत घेऊन पाहिली.

मळ्यांकडून परतताना मार्दिन दरवाजा लागला. आपल्या पैठण गेटसारखंच, रस्ता ज्या गावाला जातो त्याचं नाव दरवाजाला. आमचे गाइड निवृत्त शाळामास्तर. दिवस मावळला की दरवाजे बंद व्हायचे, असं ते म्हणाले. मी आईला सांगितलं.

"अन् गाव झाडणारी माणसं? ती आत ऱ्हायची का बाहेर? इचार की."

मी विचारलं. मास्तर थबकले. "हे मला आजवर कुणी विचारलं नाही. मला माहीत नाही," म्हणाले. माहीत नाही म्हणणारा इतिहासाचा माणूस मला आवडतो.

कमानीशी आल्यावर मागं पाहते, तर आईनं चपला काढून हातात घेतलेल्या. तिचं तिलाही कळलं नसावं. पैठणजवळच्या तिच्या गावात आमची घरं वेशीबाहेर, आणि वेशीतून आत जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. आम्ही बौद्ध झालो, त्यानंतरही काही वर्षं. हे मी पुस्तकांत वाचलं होतं, वर्गात शिकवलं होतं. आईच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं.

माझं डोकंच सटकलं. "आई, घाल आधी चपला!" भर रस्त्यात ओरडले. राग कुणाचा, काढला कुणावर.

मास्तरांना वाटलं, आमच्याकडं अशा जुन्या जागी अनवाणीच जात असतील. ते वाकले, नाड्या सोडल्या आणि बूट हातात घेऊन तापलेल्या दगडावर नुसत्या मोज्यांनिशी उभे राहिले. मी म्हटलं, राहू द्या सर. ऐकेनात. "त्या अनवाणी असताना मी बूट कसे घालू?"

मी ते आईला सांगितलं. ती त्यांच्या पायांकडं बघत राहिली. "माझ्यापायी कुणी जोडे काढले नव्हते बाई कधी," म्हणाली. "लई भाजत असंल त्यांना." मग चपला खाली टाकल्या आणि पाय सरकवले. "घाला म्हणावं आता तुमी बी."

ती चपला वाजवत कमानीतून गेली, मागोमाग मास्तर. मला रडू आवरेना. आई पलीकडून वळून म्हणाली,

"ये की आत. बाहेर का उभी ऱ्हायलीस?"