चंद्रमतीचा एकच जीव

शनिवारची कॉफी झाली की सुप्रभा खोलीचं दार लोटून घ्यायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि माणसं मारायला बसायची. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, खेळ तसाच होता. तिरुवैयारुच्या शाळेत भूमिती शिकवणारी, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी ही त्रेचाळीस वर्षांची बाई पडद्यावरच्या त्या चकचकीत, सडक्या शहरात शिरली की चंद्रमती व्हायची. चंद्रमतीचा डावा हात पोलादी होता, डोळ्यांमागे संगणक बसवलेला होता, आणि बंदूक तिला बेताचीच चालवता येई. तिचं खरं काम कुलपं फोडण्याचं. कंपन्यांचे कॅमेरे, दारं, लिफ्टा ती लांबूनच आपल्या ताब्यात घ्यायची आणि गोळ्या झाडायला तिचे दोन साथीदार पुढे जायचे.

साथीदार म्हणजे एक सांगलीचा मुलगा, त्याने खेळात नाव घेतलं होतं भडंग. आणि एक नागपूरची मुलगी, ती तर्री. खरी नावं कुणी कुणाला विचारली नव्हती. सुप्रभाला दोघं ताई म्हणायची.

शिवकुमारला, म्हणजे नवऱ्याला, वाटायचं की बायकोला उतारवयात गोळीबाराचं वेड लागलं. वेड होतं खरं, पण गोळीबाराचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सुप्रभाची आई गेली आणि घरातली मराठी तिच्याबरोबर गेली. शिवकुमार मराठी घरातलाच, पण चेन्नईत वाढलेला. त्याला तमिळच सोयीचं. मुलगी रम्या हॉस्टेलवर. तिला मराठी कळायची, उत्तर मात्र तमिळमध्ये यायचं. सुप्रभाला स्वतःला देवनागरी अक्षर वाचता येत नव्हतं. तिची मराठी होती ती कानांत आणि जिभेवर. बोलायला माणूसच नसेल तर ती तिथे किती दिवस राहणार, या विचाराने तिला बसमध्ये बसल्या बसल्या धास्ती वाटायची. म्हणून शनिवार. आठवड्यातून एकदा दोन परकी माणसं तिच्याशी मराठीत बोलायची, आणि त्यासाठी ती गोळ्यासुद्धा खायला तयार होती.

"ताई, तुम्ही बोललात की बखर उघडल्यासारखं वाटतं," भडंग म्हणायचा. ती रागवायची नाही. उलट त्यांचं "भारी", त्यांचं "हो ना", "चल ना" हौसेने उचलायची. रम्याशी फोनवर बोलताना एकदा तिच्या तोंडून "हो ना" निघालं, तेव्हा पोरगी खो खो हसली होती.

त्या शनिवारी तिघं जण एका कंपनीच्या मनोऱ्यात शिरले होते. खेळ एकजीव पद्धतीचा होता. म्हणजे पात्र मेलं की मेलं. त्याची कमाई, त्याचा चेहरा, त्याचं नाव, सगळं पुसलं जायचं. चंद्रमती दोन वर्षांची होती. तर्रीचं पात्र त्याहून जुनं. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तिघांनी जीव मुठीत धरला होता. भडंगची एरवीची बडबडही बंद पडली होती.

शेवटच्या दालनाच्या दाराशी भडंग आणि तर्री भिंतीला चिकटून उभे राहिले. सुप्रभा मागे, लिफ्टपाशी, आतल्या कॅमेऱ्यातून पाहत होती. आत तो होता. तीन पायांचं पहारेकरी यंत्र, अंगावर बंदुका. त्याला ते तिघं रेडा म्हणत. झोपलेला असेल असं त्यांनी धरलं होतं. पण त्याचा लाल डोळा उघडा होता आणि नेमका दारावर लागलेला होता.

"ताई, उघडू का दार?" भडंग कुजबुजला.

"होणा! होणा!" ती ओरडली.

होणा म्हणजे नको. तंजावूरच्या मराठी घरांत दुसरा शब्दच नाही. आणखी भात वाढूं का, तर होणा. उन्हांत जाऊं का, तर होणा. तिची आई दिवसातून शंभरदा म्हणायची. सांगलीच्या कानांना मात्र ऐकू आलं ते भलतंच. हो ना, हो ना!

भडंगने दार उघडलं.

पुढचं पाहवत नव्हतं. तर्री पहिल्याच फैरीत कोसळली आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं तिचं नाव राखाडी होऊन विझलं. भडंग कसाबसा खांबाआड सरपटला. त्याचा जीव थेंबाथेंबाने ओसरत होता. कॅमेरा फुटला. सुप्रभाच्या पडद्यावर त्या चौकटीत नुसती खरखर उरली.

"तुम्हीच 'हो ना' म्हणालात!" भडंग किंचाळला.

"मी होणा म्हटलें!"

"तेच की!"

"तें नव्हे! होणा म्हणजे नको! आमच्यांत नको म्हणजे होणा!"

मग हेडफोनमध्ये बारीक आवाज यायला लागला. तर्री रडत होती. मेलेल्यांना या खेळात बोलता येतं, एवढीच काय ती सवलत.

इतकी शरम सुप्रभाला शाळेतही कधी वाटली नव्हती. आईच्या तोंडचा शब्द, आणि त्याने पोरीचं एवढं नुकसान केलं.

"जाऊ द्या ताई," भडंग म्हणाला. "लिफ्ट तुमच्या शेजारीच आहे. निघा. चंद्रमती तरी वाचेल. आणि पुढच्या वेळेपासून खेळताना आपण इंग्लिशच बोलू. म्हणजे असा घोळ नको."

आवाजात राग नव्हता. तेच तिला झोंबलं. इंग्लिशच बोलायचं तर ती शाळेत बोलतच होती की दिवसभर!

"मी येतें," ती म्हणाली. "तुझ्यापाशीं औषध आणतें. मला रेडा दिसत नाहीं. तुला दिसतो. त्याचा डोळा वळला कीं सांग."

"'चला' म्हणलो की पळा. आणि 'स्टॉप' म्हणलो की—"

"होणा म्हण."

"ताई, डोकं फिरलंय का? आत्ताच त्याच शब्दानं—"

"घाबरलें कीं माझ्या कानांस तोच कळतो. जन्मभर तोच ऐकिला आहे. होणा म्हण."

हट्ट होता हा, दुसरं काही नाही. आईचा शब्द त्या दारात डागाळून पडला होता आणि तिला तो तसा सोडून जायचा नव्हता.

भडंगने सुस्कारा टाकला. "चला."

ती पळाली. "होणा!" ती पडलेल्या कपाटामागे दबली, डोक्यावरून गोळ्या गेल्या. "चला!" पुढच्या खांबापर्यंत. "होणा!" पुन्हा दबली. परक्या पोराच्या तोंडून तो शब्द नीट, खणखणीत येत होता, आणि भीतीने तोंडचं पाणी पळालेलं असतानाही सुप्रभाला आतून बरं वाटत होतं. दोन वर्षांत हा शब्द तिला कुणी म्हटला नव्हता.

तिने भडंगला औषध टोचलं. तो उठला, रेड्याची पाठ वळताच धावत सुटला आणि लिफ्टमध्ये पोचला. आता ती एकटी खांबाआड राहिली. मध्ये नुसती मोकळी फरशी. भडंग लिफ्टच्या दारातून रेड्यावर नजर ठेवून होता.

"थांबा हं ताई... वळतोय... अजून नाही..."

तिचं बोट बटणावर होतं. लिफ्टचं दार मिटायला लागलं होतं. भडंगही घाबरला होता.

"होणा! होणा!"

सुप्रभा पळाली.

अर्ध्या फरशीवर रेड्याने तिला गाठलं. पोलादी हात एकदा वर झाला, पडदा पांढरा झाला, आणि मग चंद्रमती या नावाचं कुणी खेळात उरलं नाही.

"ताई!" तर्रीचा रडून बसलेला आवाज आला. "तो होणा म्हणाला होता ना! तुम्ही का पळालात?"

"माझं चुकलं का?" भडंग म्हणाला. "मी नीट नाही म्हणालो का? ताई? मी होणाच म्हणालो."

सुप्रभा पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसून राहिली. पुसल्या गेलेल्या पात्राचं तिला या घडीला काहीच वाटत नव्हतं.

"नीटच म्हटलेंस, बाबा," ती म्हणाली. "मलाच 'हो ना' ऐकूं आलें."

तिचं मुसमुसणं ऐकून दोघांना वाटलं, ताई चंद्रमतीसाठी रडते आहे. तिने तो गैरसमज दूर केला नाही. जन्मभर ऐकलेला आईचा शब्द ऐन वेळी तिच्या कानांत सांगलीचा होऊन पोचला होता, आणि तिच्या घरात आता तो बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.