ओढ्यापलीकडची भाकर

कॉलेजनं आमचं गाव दत्तक घेतलं त्याला बरीच वर्षं झाली. दर हिवाळ्यात पोरापोरींचं सात दिवसांचं शिबिर येतं. मारुतीच्या देवळामागं शोषखड्डा खणतात, फावडी घेऊन भोवती उभं राहतात, फोटो निघतो. पुढं हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला मांडव घालायचा असतो, म्हणून गावकरी तोच खड्डा बुजवतात. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिथंच खणायचं! जमीन भुसभुशीत झालेली असते, काम लवकर उरकतं. याला समाजसेवा म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

माझी काकू सत्यशीला मात्र याला थेरं म्हणते. बांध्यानं किरकोळ, आवाजानं दणकट. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, पण पौर्णिमेला विहारात वंदना सुरू करायची ती तिनंच. तिचं माहेरही याच वस्तीतलं. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली, कारण पाचवीचा वर्ग ओढ्याच्या त्या बाजूला होता. आमची बौद्ध वस्ती ओढ्याच्या या बाजूला आहे. कालव्याला पाणी सुटलं की शेतांतून पाझर येतो, त्यामुळे पावसाळा सरला तरी ओढ्यातला गुडघाभर चिखल सरत नाही. निवडणुका आल्या नि गेल्या, चिखल आहे तिथंच आहे.

काकूची धाकटी नीलम त्याच कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ताडकळसहून येणारी बस पकडायला तिला ओढा पार करावा लागे. पलीकडं जाऊन हापशावर पाय धुवेपर्यंत बस धूळ उडवत निघून जायची. हजेरी कमी पडली. परीक्षेला बसता येणार नाही, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं. काकू विनवायला गेली तर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

नियम सारखा असेल हो, पण रस्ता सारखा आहे का? हे त्यांना कोण विचारणार!

घरी तात्यारावकाका आधीच कातावलेले. "वर्ष वाया गेलं तर गंगाखेडच्या पाव्हण्याला होकार कळवतो," असं त्यांनी बोलून टाकलं होतं. काका शब्दाचे पक्के. नीलम कोपऱ्यात बसून रडायची, आणि काकू भांडी आपटायची.

अशात शिबिर आलं. काकू सरळ देवळात गेली. शिबिर चालवणारे परमेश्वर सर पोरांना रांगेत उभं करत होते.

"सर, औंदा खड्डा ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाली. "पंचायतीच्या मागं शिमिटाच्या नळ्या कवाच्या पडून हायत. त्या ओढ्यात टाका, वरून मुरूम टाका. पोरी वाळल्या पायानं जातील."

"ताई, आराखडा मंजूर झालाय. त्यात शोषखड्डाच आहे."

"त्यो तर दरसाल बुजायलाय की!"

"पण खणला जातो ना," सर म्हणाले. हसलेसुद्धा नाहीत.

आता एक रीत सांगतो. शिबिराच्या पोरांना गाव जेवू घालतं. रोज एका आळीनं भाकरी-कालवण द्यायचं आणि पंगत देवळात. आमच्या वस्तीला मात्र इतक्या वर्षांत कुणी चतकोर भाकर मागितली नाही. कॉलेजात समतेवर निबंधस्पर्धा होते, बरं का!

काकूला तेव्हाच सुचलं. सगळ्या पोरांसमोर ती म्हणाली, "उद्याचं जेवण आमच्या वस्तीत."

"कशाला तसदी, ताई? भाकरी इकडंच पाठवून द्या."

"न्हाई सर. जेवाय घरी यायचं असतंय."

एवढ्या पोरांदेखत नाही कसं म्हणणार? सरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली एकही चूल थंड नव्हती. ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, वांग्याची भाजी, ठेचा. दुपारी पोरं ओढ्यावर आली आणि थबकली. मग बूट हातात घेऊन एकेक जण उतरला. नीलमच्या वर्गातली राजेश्री, मोठ्या शेतकऱ्याची लेक, मधोमध घसरली आणि कमरेपर्यंत भरली. सगळे हसले, तीही हसली. काठावर आल्यावर तिनं विचारलं, "नीलम, तू रोज इथूनच येतीस?"

"रोज," नीलम म्हणाली आणि तिच्या पायावर पाणी ओतू लागली.

परमेश्वर सर पलीकडच्या काठावरच राहिले. म्हणाले, माझा आज उपवास आहे. सकाळी सरपंचाकडं बशीभर पोहे चापलेल्या माणसाचा उपवास! लाज कशी वाटत नाही, मी म्हणतो.

पोरं मात्र पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी देवळामागं कुणी फावडं उचललं नाही. सगळी पंचायतीमागच्या नळ्या ढकलत ओढ्याकडं निघाली. गावातला बन्सीधर आपला ट्रॅक्टर घेऊन आला आणि मुरमाच्या खेपा टाकून गेला. खरं ते सांगितलं पाहिजे, त्यानं डिझेलसुद्धा मागितलं नाही. शिबिर संपायच्या आत वाट झाली.

समारोपाला प्राचार्य आले. नव्या वाटेवर फीत कापली, आमचं महाविद्यालय समाजासाठी कसं झटतं यावर लांबलचक बोलले. मग काकूला शाल-नारळासाठी पुढं बोलावलं. काकूनं हात मागं घेतले.

"शाल ऱ्हाऊ द्या. माझ्या पोरीला परीक्षेला बसवा. ती का येत नव्हती ते तुमच्या पोरांनी पाह्यलंय."

"पुढच्या वर्षी नक्की विचार..."

राजेश्री उठून उभी राहिली. पाठोपाठ सगळी पोरं उठली. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. नुसती उभी राहिली आणि बसेचनात. प्राचार्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. हजेरी माफ करण्याचा अधिकार मला आहे."

अधिकार होता! म्हणजे काकू विनवायला गेली तेव्हाही होता! टाळ्या वाजल्या. माझे हात वाजवायला उठले नाहीत, आणि काकूचेही नाहीत. "मंग माझ्या पोरीला एवढं का रडवलं?" ती माईकवरच म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

नीलम परीक्षेला बसली, पास झाली. गंगाखेडच्या पाहुण्याला काकांनी नाही कळवलं. औंदा कॉलेजनं आमचं गाव सोडून दुसरं दत्तक घेतलंय. आमच्या गावात म्हणे सहकार्याची भावना नाही.

नीलमनं त्या शिबिरात नाव दिलंय. परवा ती निघाली तेव्हा काकू दारातून ओरडली, "जेवाय बसायच्या आधी इचार, तिथली वस्ती कुठंय. आन् पंगत तिकडंच लाव."